जुन्या बाजारातून जुना संगणक पुन्हा चालू करताना: सुट्या भागांचा शोध कसा घ्यावा

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी सकाळी गेलात, तर ताडपत्र्यांवर पसरलेले पान्हे, नळाच्या तोट्या, घड्याळे आणि मोबाइलचे चार्जर यांच्या ढिगात कुठेतरी हिरव्या-तपकिरी रंगाचे पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक भाग बसवलेले बोर्डही दिसतात. त्यांतला एखादा १९८० च्या दशकातल्या यंत्राचा असतो आणि त्यावरच्या सॉकेटमध्ये, म्हणजे खोबणीत, बसलेली आयसी (चिप) आज सहजासहजी कोणत्याही दुकानात नवी मिळत नाही. अशी आयसी ओळखावी कशी, ती खरी आणि धडधाकट आहे याची जागेवरच जमेल तितकी खात्री कशी करावी आणि घरी आणल्यावर ती आपल्या यंत्रात सुखरूप कशी बसवावी, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

उदाहरणासाठी मी झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक घेतो. ब्रिटनमधल्या सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने तो १९८२ साली बाजारात आणला आणि पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्याची स्पेक्ट्रम प्लस ही आवृत्ती परवाना घेऊन भारतात विकली, त्यामुळे आपल्याकडच्या काही घरांच्या माळ्यांवर तो अजून सापडतो. शिवाय त्यातले बहुतेक भाग त्या काळातल्या इतर यंत्रांतही वापरलेले असल्याने इथे सांगितलेली पद्धत शाळांमध्ये आलेल्या बीबीसी मायक्रो या संगणकाला किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या ८०८५ या प्रोसेसरच्या ट्रेनर किटलाही (शिकण्यासाठीच्या संचालाही) जवळजवळ तशीच लागू पडते.

यादी घरीच करावी

बाजारात जाऊन मग काय हवे ते ठरवू, असा विचार करणारा माणूस पिशवी भरून परततो, पण त्याचे यंत्र बंदच राहते. म्हणून आधी यंत्र उघडावे, प्रत्येक आयसीवरचा क्रमांक वहीत उतरवावा आणि त्या क्रमांकापुढे तिची पर्यायी नावेही लिहावीत. हे दुसरे काम बहुतेक जण करत नाहीत. स्पेक्ट्रमचा प्रोसेसर झेड८०ए आहे, परंतु झेड८० ची रचना मूळ कंपनी झायलॉग हिच्याशिवाय इतर अनेक कारखान्यांतही तयार होत असे, आणि तिथे तिच्यावर वेगळाच क्रमांक छापला जाई. एनईसीच्या आयसीवर डी७८०सी, मॉस्टेकच्या आयसीवर एमके३८८० आणि पूर्व जर्मनीत बनलेल्या आयसीवर यू८८० असे लिहिलेले असते. केवळ 'झेड८०' ही अक्षरे शोधणाऱ्याच्या हाताखालून हे तिन्ही प्रोसेसर निघून जातील. वेगाचीही नोंद करावी, कारण मूळ झेड८० हा २.५ मेगाहर्ट्झचा, 'ए' आवृत्ती ४ मेगाहर्ट्झची आणि 'बी' आवृत्ती ६ मेगाहर्ट्झची आहे, स्पेक्ट्रम ३.५ मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणून तिथे 'ए' किंवा त्याहून वेगवान आयसीच लागते.

मेमरीच्या बाबतीत यादी आणखी काळजीपूर्वक करावी लागते. स्पेक्ट्रमच्या खालच्या १६ किलोबाइटसाठी ४११६ या आठ आयसी वापरल्या आहेत आणि त्यांना +५, +१२ आणि -५ असे तीन वेगवेगळे व्होल्टेज लागते. त्यानंतर आलेली ४१६४ ही ६४ किलोबिटची आयसी केवळ +५ व्होल्टवर चालते, पण तिच्या पायांची मांडणी वेगळी असल्यामुळे ती ४११६ च्या सॉकेटमध्ये तशीच बसवता येत नाही. ४८ किलोबाइटच्या यंत्रातल्या वरच्या ३२ किलोबाइटची गोष्ट मात्र निराळी आहे. तिथे सिंक्लेअरने खर्च वाचवण्यासाठी ६४ किलोबिटच्या अशा आठ आयसी वापरल्या (आठ बिटांचा एक बाइट), की ज्यांचा निम्मा भाग सदोष निघाल्याने त्या ३२ किलोबिटच्या म्हणून स्वस्तात विकल्या जात होत्या. त्या आज मिळणे कठीण आहे, पण त्यांच्या जागी आठही ठिकाणी चांगल्या ४१६४ बसवल्या तर काम होते, आणि ४१६४ जुन्या बोर्डांवर मुबलक सापडते. एवढी एक गोष्ट माहीत असली की दुर्मीळ भागाच्या मागे लागण्याचे कित्येक महिने वाचतात.

यादीचे दोन भाग करावेत: जुनेच घ्यायचे ते आणि नवेच घ्यायचे ते. प्रोसेसर, मेमरी, इप्रॉम (प्रोग्रॅम साठवणारी, पुसून पुन्हा लिहिता येणारी आयसी), एज कनेक्टर, डीन कनेक्टर, ट्रान्सफॉर्मर, कळफलकाच्या कळा, चांगल्या प्रतीची सॉकेट हे सर्व जुने घेता येते आणि पुष्कळदा ते जुनेच चांगले असते. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, ज्याला बाजारात अजूनही कंडेन्सर म्हणतात, तो मात्र जुना कधीही घेऊ नये, मग तो पाकिटातला न वापरलेला का असेना. त्यातला द्रव वर्षानुवर्षे सुकत जातो आणि काही वेळा गळून बोर्डावरचे तांब्याचे मार्ग खातो. व्होल्टेज रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग), फ्यूज, मुख्य पुरवठ्याची वायर आणि बॅटरी याही नव्याच घ्याव्यात. काही रुपये वाचवून जुना कंडेन्सर बसवणे म्हणजे दुर्मीळ आयसी धोक्यात घालणे आहे.

कुठे जावे

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावावरून लोक त्याला अजून लॅमिंग्टन रोडच म्हणतात. इथे रस्त्यावरची मोठी दुकाने नव्या मालाची आहेत. आपल्याला हवे असते ते आतल्या गल्ल्यांमधल्या आणि इमारतींच्या वरच्या मजल्यांवरच्या लहान गाळ्यांमध्ये, जिथे जुन्या आयसींचे पत्र्याचे डबे क्रमांकानुसार लावून ठेवलेले असतात. शक्यतो कामाच्या दिवशी दुपारच्या आधी जावे, कारण रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात आणि संध्याकाळच्या गर्दीत कोणालाही जुना डबा उघडून दाखवायला वेळ नसतो. नवे कपॅसिटर, सॉकेट आणि रेग्युलेटर पुण्यात घ्यायचे असतील तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली पुरेशी आहे.

जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार यांची रीत निराळी. तिथे विकणाऱ्याला क्रमांकाशी कर्तव्य नसते; तो बोर्ड विकतो, आणि पुष्कळदा किलोवर विकतो. म्हणून तिथे सुटी आयसी न शोधता ती ज्या यंत्रांत वापरली जात असे ती यंत्रे शोधावीत. जुने डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, इलेक्ट्रॉनिक टंकलेखन यंत्रे, कार्यालयांतले इंटरकॉमचे एक्स्चेंज, कारखान्यांतल्या यंत्रांची नियंत्रण बोर्डे यांमध्ये त्या काळातले प्रोसेसर, इप्रॉम आणि मेमरी हमखास सापडतात. कारखान्यातल्या बोर्डांचा विशेष गुण असा, की त्यांवरच्या महत्त्वाच्या आयसी सहसा सॉकेटमध्ये बसवलेल्या असतात आणि त्या सोल्डर न वितळवता निघतात.

तिसरी जागा फार थोड्यांना सुचते, पण माझ्या मते ती सर्वांत चांगली आहे. तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांच्या प्रयोगशाळांमध्ये डेडस्टॉक रजिस्टरवर नोंदलेली जुनी उपकरणे ठरावीक काळाने निर्लेखित केली जातात आणि मग त्यांची भंगार म्हणून विक्री होते. ही विक्री एकगठ्ठा होते, त्यामुळे एकट्या माणसाला तिथे बोली लावणे परवडत नाही. परंतु तो गठ्ठा घेणाऱ्या भंगारवाल्याशी आधी ओळख असेल, तर ८०८५ ची किट, लॉजिक ट्रेनर आणि त्यांबरोबरच्या छापील पुस्तिका फुटण्यापूर्वीच बाजूला काढून घेता येतात. पुस्तिका मागायला विसरू नये. सर्किटचा नकाशा छापलेली चार पाने कधी कधी त्या किटहून अधिक मोलाची असतात आणि रद्दीत सर्वांत आधी तीच जातात.

जागेवरची तपासणी

सोबत डायोडची रेंज आणि बझर असलेला मल्टिमीटर, दहापट मोठे दाखवणारे भिंग, लहान टॉर्च, चपटा स्क्रू-ड्रायव्हर, खोडरबर आणि ॲल्युमिनियमची फॉइल असावी. आयसी थर्माकोलमध्ये खोचून आणण्याची सवय आपल्याकडे सर्रास दिसते, पण थर्माकोलवर स्थितिक विद्युत साचते आणि मॉस प्रकारच्या (प्रोसेसर, मेमरी यांसारख्या) आयसीला ती मारक ठरते. म्हणून आधी फॉइल गुंडाळावी आणि मगच थर्माकोल वापरावा.

आयसीवर दोन आकडे असतात, एक तिचा क्रमांक आणि दुसरा ती बनल्याची तारीख. तारीख सहसा चार अंकी असते, पहिले दोन अंक वर्षाचे आणि पुढचे दोन आठवड्याचे. ८४३७ म्हणजे १९८४ सालचा ३७ वा आठवडा. नवख्या माणसाचा गोंधळ ७४ मालिकेच्या बाबतीत होतो, कारण ७४३२ हा लॉजिक गेटचा क्रमांकही असू शकतो आणि १९७४ सालच्या ३२ व्या आठवड्याची तारीखही. अशा वेळी अक्षरे जोडलेला आकडा, म्हणजे एसएन किंवा एलएस असलेला, हा क्रमांक समजावा.

तारखेचा खरा उपयोग बनावट माल ओळखण्यासाठी होतो. जुन्या, निकामी किंवा भलत्याच आयसीचा पृष्ठभाग घासून, त्यावर काळा लेप देऊन नवा क्रमांक छापण्याचा धंदा जगभर चालतो, आणि कमोडोर ६४ या घरगुती संगणकातल्या ६५८१ या ध्वनीच्या आयसीच्या बाबतीत तर तो कुप्रसिद्ध आहे. म्हणून भिंगातून आयसीच्या पाठीकडे नीट पाहावे. मूळ साच्यातून निघालेल्या आयसीवरच्या गोल खळग्याचा तळ गुळगुळीत आणि कडा स्पष्ट असते. लेप दिलेल्या आयसीवर तो खळगा उथळ झालेला किंवा काळ्या रंगाने भरलेला दिसतो. वरचा पृष्ठभाग आणि बाजूची कड यांचा पोत वेगळा असेल तर संशय घ्यावा. एकाच तारखेच्या दहा आयसींच्या खालच्या बाजूला वेगवेगळ्या देशांची नावे असतील तर त्या एका ठिकाणी बनलेल्या नाहीत हे उघड आहे. विकणाऱ्याची हरकत नसेल तर कापसावर ॲसिटोनचा थेंब घेऊन पुसून पाहावे. कापसाला काळा रंग लागला, तर तो लेप आहे. झायलॉगने २०२४ साली झेड८० चे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले आणि त्या वर्षीच्या जूनपर्यंतच शेवटच्या मागण्या स्वीकारल्या, तेव्हा यापुढे 'अगदी नवा' झेड८० म्हणून जे समोर येईल ते अधिक बारकाईने तपासावे लागेल.

पाय काळे पडलेले असले म्हणून आयसी टाकून देऊ नये. त्या काळात काही कंपन्या पायांना चांदीचा मुलामा देत आणि चांदी हवेने काळवंडते. खोडरबराने हलकेच घासले की खालचा धातू दिसतो. हिरवट बुरशीसारखा थर आणि खाल्लेले, बारीक झालेले पाय मात्र सोडून द्यावेत, कारण ते सॉकेटमध्ये घालतानाच तुटतात. त्यानंतर मल्टिमीटरने पुरवठ्याच्या दोन पायांमधले मोजमाप घ्यावे. झेड८० मध्ये ११ वा पाय +५ व्होल्टचा आणि २९ वा ग्राउंडचा असतो; त्यांच्यामध्ये बझर वाजला, तर आयसी आतून शॉर्ट झाली आहे. बझर न वाजणे ही आयसी चालू असल्याची हमी नाही, परंतु एवढ्या एका मिनिटाच्या तपासणीने उघडउघड मेलेला माल घरी येत नाही.

इप्रॉमवर काचेची खिडकी असते आणि खिडकीवर बहुधा कागदी पट्टी. ती पट्टी काढून अतिनील प्रकाशाने आयसी कोरी करण्याची घाई करू नये. तिच्यावर हाताने लिहिलेले नाव किंवा आवृत्तीचा क्रमांक असेल, तर त्या आयसीमध्ये अशा एखाद्या यंत्राचा प्रोग्रॅम असू शकतो ज्याची दुसरी प्रत कुठेही उरलेली नाही. आधी प्रोग्रॅमरवर, म्हणजे इप्रॉम वाचण्या-लिहिण्याच्या यंत्रावर, ती वाचून फाइल जपून ठेवावी आणि मगच पुसावी. पुन्हा लिहिताना व्होल्टेज पाहावे: २७१६ ला २५ व्होल्ट लागतात, २७६४ ला २१, तर २७६४ए ला केवळ १२.५ व्होल्ट, एका 'ए' अक्षराकडे दुर्लक्ष केले तर आयसी कायमची जाते.

सौदा

जुन्या बाजारात पहिल्या गिऱ्हाइकाकडून भवानी व्हावी म्हणून विक्रेता भाव थोडा खाली आणतो, त्यामुळे सकाळी लवकर जाण्याचा फायदा होतो. पण त्याहून मोठा फायदा दर आठवड्याला त्याच माणसाकडे जाण्याचा आहे. भंगाराच्या व्यवहारात जुन्या सिरॅमिक आयसींची किंमत त्यांवरच्या सोन्याच्या मुलाम्यावरून वजनाने ठरते आणि त्या फोडण्यासाठी विकल्या जातात. आपल्याला त्या अखंड हव्या आहेत आणि त्यासाठी वजनाच्या भावापेक्षा अधिक देण्याची आपली तयारी आहे, हे विक्रेत्याला स्पष्ट सांगितले पाहिजे. "काका, असे बोर्ड आले तर हातोडी लावू नका, मला फोन करा, मी त्याच दिवशी येऊन घेऊन जातो" एवढे सांगून नंबर द्यावा आणि फोन आला की खरोखरच त्या दिवशी जावे. एकदा न गेलात तर पुढचा फोन येत नाही.

घासाघीस एका आयसीवर न करता सगळ्या ढिगावर करावी. चालू अवस्थेतला अखंड संगणक समोर आला, तर त्यातली हवी ती आयसी काढून बाकीचे टाकून देऊ नये. असे यंत्र पूर्ण घ्यावे, नाहीतर ते दुरुस्त करू शकेल अशा माणसाला कळवावे. ज्या मालाबद्दल विचारल्यावर विक्रेता उत्तर टाळतो, विशेषतः लॅपटॉप आणि मोबाइल, तो घेऊ नये. हार्ड डिस्क घेतलीत तर तिच्यावरची कोणाची तरी खासगी कागदपत्रे न उघडता पुसून टाकावीत.

परदेशातले मेळे

जुन्या संगणकांसाठी भरणारे स्वतंत्र मेळे ही मुख्यतः अमेरिका आणि युरोपातली परंपरा आहे. व्हिंटेज कॉम्प्युटर फेस्टिव्हल १९९७ साली कॅलिफोर्नियात सुरू झाला. त्याची पश्चिमेकडची आवृत्ती माउंटन व्ह्यू इथल्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियममध्ये आणि पूर्वेकडची न्यू जर्सीतल्या वॉल इथल्या इन्फोएज केंद्रात भरते. न्यू जर्सीत आणि कॅलिफोर्नियाच्या त्या भागात मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत, तेव्हा तिथे असलेल्या किंवा मुलांकडे जाणाऱ्या वाचकांनी तारखा जुळवून पाहाव्यात. इन्फोएजची जागा म्हणजे लष्कराचा पूर्वीचा कॅम्प इव्हान्स. तिथूनच १९४६ सालच्या जानेवारीत चंद्रावर रडारचे तरंग सोडून त्यांचा प्रतिध्वनी पकडला गेला होता, तेव्हा खरेदी आटोपल्यावर तो परिसर अवश्य पाहावा. सुट्या भागांसाठी मात्र ओहायोतल्या झीनिया इथे मे महिन्यात भरणारे डेटन हॅमव्हेंशन अधिक उपयोगाचे, कारण हौशी रेडिओवाल्यांच्या त्या मेळ्यातल्या उघड्या बाजारात सुटे भाग अधिक असतात.

अशा मेळ्यात पहिल्या तासात निवड चांगली मिळते आणि शेवटच्या तासात भाव. टेबलावरच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावू नये. 'तपासलेले नाही' असे लिहिलेली वस्तू बिघडलेली आहे असे धरूनच तिची किंमत करावी. अमेरिकेतले यंत्र १२० व्होल्टवर चालते आणि त्याचे चित्र तिथल्या टीव्हीच्या एनटीएससी पद्धतीचे असते. ते २३० व्होल्टच्या आपल्या प्लगमध्ये थेट लावले तर पॉवर सप्लाय त्या क्षणी जळतो. मागे लाल रंगाचा व्होल्टेजचा स्विच असेल तर घरी आल्यावर सर्वांत आधी तो पाहावा. कमोडोर ६४ घेतलात तर त्याचा मूळ पॉवर सप्लाय वापरूच नये, कारण त्यातला रेग्युलेटर बिघडला की ५ व्होल्टच्या जागी त्याहून जास्त व्होल्टेज जाते आणि मेमरी जळून जाते.

घरी आल्यावर

आणलेला भाग त्याच रात्री यंत्रात घालून बटण दाबण्याचा मोह आवरावा. माझ्याकडून ही चूक एकदा झाली आहे. मोठ्या कष्टाने जमवलेल्या आठ ४११६ आयसी मी स्पेक्ट्रममध्ये बसवल्या आणि यंत्र चालू केले, पण -५ व्होल्ट तयार करणाऱ्या सर्किटमधला ट्रान्झिस्टर आधीच गेलेला होता. -५ नसताना बाकीचे दोन व्होल्टेज मिळाले की ४११६ तग धरत नाही. काही मिनिटांत आठांपैकी पाच आयसी गेल्या आणि तशा पुन्हा मिळायला मला दीड वर्ष लागले. तेव्हापासून मी मेमरीची सॉकेट रिकामी ठेवून तिन्ही व्होल्टेज मोजल्याशिवाय एकही आयसी बसवत नाही.

क्रम असा ठेवावा. बोर्डावर जुनी निकेल-कॅडमियमची बॅटरी असेल तर ती प्रथम काढावी. तिच्यातून गळालेला द्रव अल्कधर्मी असल्याने ती जागा व्हिनेगरने पुसून, मग स्वच्छ पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावी. त्यानंतर सर्व इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर बदलावेत. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमधले पिवळसर पारदर्शक वेष्टनाचे कागदी कपॅसिटर तडकलेले असतील तर तेही बदलावेत, कारण चालू केल्यावर त्यांतून दाट धूर निघतो. +५ आणि ग्राउंड यांच्यामध्ये शॉर्ट नाही हे मल्टिमीटरने पाहावे. पॉवर सप्लाय बोर्डापासून वेगळा करून, इलेक्ट्रिशियन वापरतात तसा ६० किंवा १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये जोडून चालू करावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, पूर्ण प्रकाशाने पेटत राहिला तर ताबडतोब बंद करावे. ५ व्होल्टच्या जागी ४.७५ ते ५.२५ या मर्यादेतले व्होल्टेज मिळाल्यावरच बोर्ड जोडावा. स्पेक्ट्रमचा ९ व्होल्टचा ॲडॉप्टर मधला बिंदू ऋण असलेला आहे आणि आजचे बहुतेक ॲडॉप्टर याच्या उलट असतात, तेव्हा दुकानातला नवा ॲडॉप्टर आणला असेल तर टोकावर मल्टिमीटर लावून पाहिल्याशिवाय तो यंत्रात घालू नये.

जुन्या मॉनिटरचे मागचे झाकण ज्याला त्याची सवय नाही त्याने उघडू नये. रंगीत पिक्चर ट्यूबच्या ॲनोडवर २५ हजार व्होल्टपर्यंत दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. फ्लॉपी मिळाल्या असतील तर त्यांची चकती उजेडात फिरवून पाहावी. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत त्यांवर बुरशी धरते आणि तशी एक फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की ड्राइव्हचा हेड (चकती वाचणारा भाग) खराब होऊन पुढच्या चांगल्या फ्लॉपीही ओरखडल्या जातात.

उरलेली बोर्डे घराबाहेर टाकू नयेत किंवा तारेतले तांबे काढण्यासाठी जाळू नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रे आहेत, तिथे ती द्यावीत. तपासून चालू ठरलेल्या प्रत्येक आयसीच्या पाठीवर हिरव्या रंगाचा बारीक ठिपका द्यावा, वहीत ती कुठून आणि कधी आणली ते लिहावे आणि काळ्या वीजवाहक फोममध्ये खोचून पत्र्याच्या डब्यात ठेवावी. पावसाळ्यात त्या डब्यात सिलिका जेलची पुडी घालावी आणि ऑक्टोबरात ती बदलावी.